थ्री नॉट थ्री आणि तीनशे पंधरा

निवडणूक लागली की ग्वाल्हेरात परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा होतात. शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या घरची रायफलही जाते. आजोबांपासून सगळे तिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणत आले. ठाण्याच्या पावतीवर मात्र बोअर, म्हणजे नळीचं आतलं माप, 315. पुतण्यानं विचारलं, “काका, त्यांनी चुकीचं लिहिलंय का?” नाही, चुकतो आपण. बोलण्यात ती चूक खपते, काडतुसात नाही.

गल्लत होते कारण थ्री नॉट थ्री आणि तीनशे पंधरा, दोघींचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) एकाच घराण्यातला, ली-एनफिल्ड या इंग्रजी फौजेच्या रायफलीचा. मूठ वर करून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर, पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत. दोन्ही कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात बनल्या. पण थ्री नॉट थ्री फौजेची. लाकूड नळीच्या तोंडापर्यंत, संगीन लावायची सोय, मॅगझिन 10 काडतुसांचं, वजन 4 किलोच्या आसपास. तीनशे पंधरा शिकारीसाठी बेतलेली. तिचं लाकूड अर्ध्यावर संपतं, पुढची नळी उघडी, मॅगझिन 5 चं, म्हणून खांद्याला हलकी. (शिकार 1972 च्या कायद्यानं बंद झाली, आज ती राखणीला असते.)

खरा फरक काडतुसात आहे. 303 म्हणजे 0.303 इंच, 7.7 मिलिमीटर, 315 म्हणजे 8 मिलिमीटर. नळीच्या आत पिळदार खाचा, म्हणजे आटे, कोरलेले असतात; हे माप त्या खाचांमधल्या समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं. गोळी त्याहून किंचित जाड असते, म्हणूनच ती आट्यांत रुतून फिरते: एकीत साधारण 7.9, दुसरीत 8.2 मिलिमीटर. अंतर 0.3 मिलिमीटरचं, नखाएवढंही नाही. पण पुंगळीच वेगळी आहे. थ्री नॉट थ्रीची 56 मिलिमीटर लांब. तीनशे पंधराची 50; तिचं मूळ ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर रायफलीत. प्रत्येक रायफलीचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, आपल्याच पुंगळीच्या मापानं कोरलेलं असतं. भलतं काडतूस त्यात नीट बसत नाही. उडालंच, तर पुंगळी फाटून तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ शकतो.

इतकी जवळची दोन मापं मुळात हवीत कशाला? इंग्रजांना फौजेचं काडतूस खासगी हातांत नको होतं. म्हणून नागरिकांना वेगळा बोअर. ती रेघ अजून टिकून आहे: 303 प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतो आणि त्याचा परवाना जिल्ह्यातून मिळत नाही, केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जावं लागतं. 315 चा परवाना जिल्हाधिकारी देतात. त्यामुळे आपल्या भागात घरातल्या परवान्याच्या रायफलीला कुणी थ्री नॉट थ्री म्हणालं, तर बहुतेक वेळा ती तीनशे पंधराच निघते.

काडतुसाच्या बुडावर ‘के. एफ.’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ती अक्षरं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची, आणि खडकीनं दोन्ही काडतुसं काढली आहेत. परवान्यावरचा बोअर बघा, नळीवर कोरलेला आकडा बघा. दोन्ही जुळले तरच पुढचं बोला. आजोबांच्या ट्रंकेत सुटी, जुनी काडतुसं सापडली तर बसतात का म्हणून घालून बघू नका. परवान्यासकट शस्त्रविक्रेत्याकडे किंवा ठाण्यात दाखवा. आमच्या ट्रंकेत तशी चार निघाली होती. त्यातली तीन आमच्या रायफलीची नव्हती.