रोजभाड्याच्या घराचा परतावा (मराठवाडा)

घर किंवा फ्लॅट महिन्याच्या करारावर न देता एक-दोन रात्रींच्या मुक्कामाला द्यायचा आणि गुंतवलेल्या पैशावर वर्षाकाठी किती टक्के सुटतात ते काढायचे, असा हा हिशेब. मराठवाड्यात अशा घरांना गिऱ्हाईक येते ते मुख्यतः देवदर्शनाला आणि लेण्यांना : तुळजापूर, माहूर, नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा, परळी, औंढा नागनाथ, घृष्णेश्वर आणि १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेली अजिंठा-वेरूळची लेणी.

खरी मेख दरात नाही, भरलेल्या रात्रींत आहे. तुळजापुरात नवरात्रात सांगाल तो दर मिळतो. एरवी गर्दी मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला. नवरात्राचा दर धरून वर्षाचा अंदाज बांधणारा हमखास फसतो.

समजा, मुद्रांक शुल्कासह फ्लॅट ४० लाखांना पडला. पलंग, एसी, इन्व्हर्टर यांत ५ लाख गेले. वर्षात १२० रात्री २,५०० रुपयांनी गेल्या, म्हणजे ३ लाख आले. मालमत्ता कर, मेंटेनन्स, राखणदार यांचे ७२,००० घर रिकामे असले तरी जातात. बुकिंगचे कमिशन, धुलाई, वीज मिळून रात्रीमागे ७००, म्हणजे ८४,०००. उरले १,४४,०००, परतावा ३.२ टक्के. बहुतेक जण इथेच थांबतात. पण ५ लाखांचे सामान पाच वर्षांत बदलावे लागणार असेल, तर वर्षाला १ लाख झीज वजा करायलाच हवी. मग हाती ४४,०००, एक टक्काही नाही. हाच फ्लॅट सामानाशिवाय, महिना १०,००० ने अकरा महिने दिला आणि २०,००० खर्च धरला, तर ९०,००० सुटतात. तेवढे रोजभाड्यातून काढायला १४६ रात्री भराव्या लागतील. दर पाच रात्रींत दोन. जागेची किंमत वाढेल ती दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती या तुलनेत धरू नये.

रात्रीमागचा खर्च तीर्थक्षेत्री जरा सढळच धरावा. चादरी-उशांवरचे हळद-कुंकवाचे डाग धुऊन जात नाहीत; पांढऱ्या चादरी लवकर बाद होतात. एप्रिल-मेमध्ये बोअर आटले की टँकर मागवावा लागतो, आणि दर्शनाआधी आंघोळ करणाऱ्या कुटुंबाला पाणी मोजून देता येत नाही.

लातुरात गणित वेगळे आहे. शिकवण्यांसाठी बाहेरगावची मुले तिथे वर्षभर राहतात, त्यामुळे महिन्याचे भाडेच बहुधा सरस ठरते.