हाल्द सो: व्हिबोर्गजवळच्या शांत तळ्याची पार्श्वभूमी

डेन्मार्कच्या जटलँड भागात व्हिबोर्ग नावाचं शहर आहे, वस्ती साधारण ४० हजार, आणि तिथून नैऋत्येला ७-८ किमीवर हाल्द सो हे तळं. गाडी लावायची आणि चालत सुटायचं, तळ्याला पूर्ण फेरी मारायची तर १०-१२ किमी होतात. एका बाजूला ओकचं जुनं जंगल, दुसऱ्या बाजूला डोलरुपच्या टेकड्या, ऑगस्टमध्ये त्यांच्यावर हेदर या ठेंगण्या रानझुडपाची जांभळी फुलं, आणि पाण्याच्या कडेला एक बंगला नाही, हॉटेल नाही, भेळ-कणीसवाला तर नाहीच नाही. बघणाऱ्याला वाटतं की इथे कधी कुणाचा हातच लागला नसेल. प्रत्यक्षात उलट आहे, या जागेवर गेली ७०० वर्षं सतत कुणी ना कुणी काहीतरी करत आलंय, आणि आज जी शांतता दिसते तीसुद्धा बऱ्याच अंशी माणसांनी, कायद्याने आणि सरकारी खर्चाने केलेली आहे.

सुरुवात मात्र बर्फाने केली. शेवटच्या हिमयुगात, साधारण २० हजार वर्षांपूर्वी, स्कँडिनेव्हियावरून सरकत आलेला बर्फाचा थर जटलँडमध्ये येऊन थांबला आणि बराच काळ तिथेच राहिला. त्याची कड पश्चिम किनाऱ्यावरून पूर्वेकडे येत होती आणि बरोबर या हाल्दच्या परिसरात वळून दक्षिणेला जर्मनीकडे जात होती. भूगर्भशास्त्रज्ञ नील्स उसिंग यांनी २०व्या शतकाच्या सुरुवातीला ही रेघ नकाशावर मांडली. बर्फाखालून जोरात वाहणाऱ्या पाण्याने खोल दरी कोरली, मग बर्फ मागे हटताना एक मोठा तुकडा त्या दरीत अडकून पडला, त्याच्यामुळे वाळूने दरी भरून निघाली नाही, आणि तो वितळल्यावर उरलं ते हे तळं. क्षेत्रफळ ३.४ चौ. किमीच्या आसपास म्हणजे फार मोठं नाही, पण खोली ३१ मीटर, देशातल्या सगळ्यात खोल तळ्यांपैकी एक. (ज्या देशाचं सगळ्यात उंच ठिकाणच १७१ मीटरचं, तिथे डोलरुपच्या टेकड्यांना टेकड्या म्हणतात, सह्याद्रीवाल्यांनी हसू आवरावं.) ही खोली लक्षात ठेवा, पुढे तिचाच घोळ झाला.

बर्फाच्या कडेपासून पश्चिमेला वितळलेलं पाणी वाळू घेऊन पसरलं, म्हणून तळ्याच्या पूर्वेला चढउतार आणि सुपीक जमीन तर पश्चिमेला सपाट रेताड माळ. त्या माळावर काही पिकत नव्हतं. १७५९ पासून राजा पाचवा फ्रेडरिक याने जर्मनीतून शेतकरी कुटुंबं आणून तिथे वसवली, त्यांनी बटाटा लावला आणि लोक त्यांना बटाटे-जर्मन म्हणायला लागले.

आता इतक्या आडबाजूला किल्ले का बांधले, असा प्रश्न पडतो. पण जागा तेव्हा आडबाजूला नव्हतीच. व्हिबोर्ग हे मध्ययुगात देशातल्या सगळ्यात महत्त्वाच्या शहरांपैकी एक होतं, १०२७ पासून १६५५ पर्यंत डॅनिश राजांची निवड आणि जयघोष तिथल्या सभेत व्हायचा, बिशपची गादी तिथे होती, आणि जटलँडच्या पाठीच्या कण्यासारखा दक्षिणेला जाणारा जुना मार्ग तिथूनच निघायचा, ज्याच्यावरून सैन्य गेलं, यात्रेकरू गेले, विकायला नेलेल्या बैलांचे तांडे गेले. हा मार्ग तळ्याजवळूनच जातो, आज त्यावर लोक पाठीला सॅक लावून चालतात.

तर तळ्याकाठी हाल्द नावाचे एकामागून एक पाच गढी-वाडे झाले असं मानतात. त्यातला दुसरा १४व्या शतकातल्या नील्स बुग्गे या सरदाराचा, मातीचे उंच तट आणि खंदक अजून दिसतात. हा बुग्गे म्हणजे जटलँडच्या असंतुष्ट सरदारांचा पुढारी, आणि समोर राजा वाल्डेमार आटरडाग, ज्याने गहाण पडलेला देश तुकड्या-तुकड्याने सोडवून परत जोडला आणि त्यासाठी सगळ्यांना पिळलं. १३५८ च्या शेवटी बुग्गे राजाशी बोलणी करायला गेला, अभय मिळालेलं होतं, बोलणी फिसकटली आणि परत येताना १३५९ च्या जानेवारीत मिडलफार्ट गावात त्याचा आणि त्याच्या दोन साथीदारांचा खून झाला. संशय राजावर, राजाने हात वर केले. म्हणतात की शिक्षा म्हणून ज्या घरांतून मारेकरी आले त्या घरांवर दंड बसला आणि तो पुढे कित्येक पिढ्या वसूल होत राहिला. राजकारणातला खून, अभयदान, आणि शेवटी बिल गावातल्या घरमालकांना.

यानंतर जागा पुढे व्हिबोर्गच्या बिशपांकडे गेली. तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर जो गोल बुरूज आज फोटोत दिसतो तो बिशप युर्गन फ्रीसच्या किल्ल्याचा, साधारण १५२८ चा. काळ बघा म्हणजे किल्ला का हवा होता ते कळतं. १५२५ मध्ये हान्स टाउसेन हा मठातला साधू व्हिबोर्गला आला आणि कॅथलिक चर्चविरुद्ध उभा राहिलेल्या जर्मन धर्मसुधारक ल्यूथरची मतं मांडायला लागला, पुढच्याच वर्षी राजाने त्याला संरक्षणाचं पत्र दिलं, शहर त्याच्या मागे गेलं, आणि दोन-चार वर्षांत व्हिबोर्गमधली बहुतेक जुनी चर्चेस पाडायला सुरुवात झाली. आपल्याच शहरात बिशपचं काही चालेना, मग तळ्याकाठी जाड भिंतींचं घर बांधणं आलंच. १५३६ मध्ये राजा तिसऱ्या ख्रिश्चनने देशातले सगळे कॅथलिक बिशप अटक करून धर्मसुधारणेवर शिक्कामोर्तब केलं. फ्रीसला त्याच्याच बुरुजाच्या कोठडीत टाकलं असं तिथे सांगतात, म्हणजे बांधकामाची क्वालिटी मालकाने स्वतः तपासली. आजचा पाचवा वाडा १८व्या शतकाच्या अखेरचा, आणि तिथे आता लेखक-अनुवादक मंडळी काही आठवडे राहून काम करतात. मला विचाराल तर पाचही मालकांमध्ये हेच सगळ्यात निरुपद्रवी.

हेदरच्या माळाची गोष्टही निसर्गापेक्षा शेतीचीच जास्त आहे. मूळचं जंगल लोकांनी हजारो वर्षांत तोडलं, मग गुरं-मेंढ्या चारल्या, अधूनमधून जाळलं, आणि जमीन इतकी कसहीन झाली की हेदरशिवाय काही टिकेना. १८०० च्या सुमारास मध्य आणि पश्चिम जटलँड मैलोन्मैल असंच होतं. मग १८६४ मध्ये प्रशिया-ऑस्ट्रियाशी युद्ध हरून डेन्मार्कने दक्षिणेचे श्लेस्विग-होल्स्टाईन हे प्रांत गमावले आणि बाहेर गेलेलं आत कमवू अशी हवा देशभर झाली. १८६६ मध्ये एन्रिको दाल्गास आणि इतरांनी माळ सुधारणारी संस्था काढली, नांगरट झाली, पाणी फिरवलं, पाइनची झाडं लावली, आणि शंभर वर्षांत तो अथांग माळ जवळजवळ संपला. गंमत अशी की या संस्थेचं मुख्यालय पुढे व्हिबोर्गलाच आलं. डोलरुपसारखे उतार नांगराला गैरसोयीचे म्हणून वाचले, आणि आता जुना माळ कसा होता ते दाखवायला तेवढेच उरलेत. पण नुसतं सोडून दिलं तर तिथेही झुडपं आणि जंगल येणार, म्हणून मुद्दाम जनावरं सोडून चारून घ्यावं लागतं.

बंगले का नाहीत त्याचं उत्तर कायद्यात आहे. १९११ मध्ये निसर्गरक्षणाची देशव्यापी संघटना निघाली, १९१७ मध्ये पहिला कायदा आला, आणि हळूहळू बरेच नियम साठले. आजच्या नियमाने ३ हेक्टर किंवा मोठ्या तळ्यापासून १५० मीटरच्या आत सहसा नवीन बांधकाम करता येत नाही. सरकारी जंगलात कधीही फिरा, खाजगी जंगलात दिवसा आणि वाटेवरूनच. आपल्याकडे धरणाच्या बॅकवॉटरला लेक व्ह्यू प्लॉट विकतात ते आठवून जरा पोटात दुखतं.

पण या सगळ्यापेक्षा मला पाण्याखालची गोष्ट जास्त भारी वाटते आणि ती कुठल्याच फोटोत येत नाही. तळ्याच्या आजूबाजूला टेकड्यांमधून थंड झरे वाहतात, वर्षभर जवळपास सारखंच तापमान, म्हणजे ट्राउट मासे पाळायला एक नंबर. जटलँडमध्ये १९व्या शतकाच्या अखेरीपासून असे तलाव निघाले तसे इथेही निघाले. माशांना खाद्य टाकायचं, उरलेलं खाद्य आणि माशांची घाण झऱ्यातून तळ्यात. त्यात फॉस्फरस. फॉस्फरस म्हणजे शेवाळाला मेजवानी, पाणी हिरवं, आणि ते शेवाळ मेलं की खाली जाऊन कुजतं.

आता ती ३१ मीटर खोली आडवी येते. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, दोन्ही महिनोन्महिने मिसळत नाहीत. त्यामुळे तळाशी कुजण्यात जो ऑक्सिजन खर्च होतो तो वरून भरून निघत नाही, तो संपतो. ऑक्सिजन असेपर्यंत गाळातलं लोह फॉस्फरसला धरून ठेवतं, संपला की सोडून देतं, म्हणजे आतापर्यंत गाळात साठलेला फॉस्फरस परत पाण्यात, परत शेवाळ, परत कुजणं. बाहेरून येणारी घाण बंद केली तरी तळं स्वतःच स्वतःला घाण करत राहतं, वर्षानुवर्षं. जुनं कर्ज फेडलं तरी व्याज चालूच.

म्हणून दोन गोष्टी केल्या. मासेपालनाचे तलाव बंद करत आणले, आणि १९८५ पासून उन्हाळ्यात नळ्यांनी थेट तळाशी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली, म्हणजे अक्षरशः आयसीयू. यात थरांचं मिसळणं न होऊ देता खालचं पाणी थंडच ठेवायचं होतं, नाहीतर गाळातलं सगळं वर आलं असतं. पाणी सुधारलं, पारदर्शकता वाढली, आणि आज इथे गळ टाकून बसणारे लोक तळ्यातल्या ट्राउटसाठी येतात. पाळीव ट्राउटने बिघडवलेलं तळं जंगली ट्राउटसाठी ओळखलं जातंय.

वेळही बघण्यासारखी आहे. १९८६ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या काटेगाट समुद्रात ऑक्सिजनअभावी मेलेले लॉबस्टर टीव्हीवर दिसले तेव्हा देशात आरडाओरडा झाला आणि १९८७ मध्ये संसदेने पाण्यात जाणारा नायट्रोजन निम्म्याने आणि फॉस्फरस ८० टक्क्यांनी कमी करायचा आराखडा मंजूर केला. हाल्दमध्ये काम त्याआधीच सुरू झालेलं होतं. फॉस्फरसच्या बाबतीत सांडपाणी प्रक्रियेमुळे यश मिळालं, नायट्रोजन मुख्यतः शेतातल्या खतांमधून येतो, त्याचं भांडण शेतकऱ्यांबरोबर आजतागायत चालू आहे, कारण देशाची साधारण ६० टक्के जमीन शेतीखाली आहे. सरकार, शेतकरी आणि निसर्गसंघटना यांच्यातल्या २०२४ च्या करारात २०३० पासून गुरांमधून हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंवर कर, अडीच लाख हेक्टर नवीन जंगल आणि १ लाख ४० हजार हेक्टर सखल जमीन शेतीतून काढून परत ओली करणं ठरलंय. म्हणजे दाल्गासच्या पिढीने आणि नंतरच्यांनी जे कोरडं करून नांगरलं त्यातलं बरंच आता पैसे देऊन परत पाण्याखाली घालायचंय. पश्चिमेला वार्डेजवळचं फिलसो हे तळं असंच शेतीसाठी उपसलं होतं, ते २०१२ मध्ये परत भरलं, आणि त्याच्याही काठाने आता लोक दुर्बीण घेऊन पक्षी बघत फिरतात.