परावर्तनरोधी लेप (कॅमेऱ्याची लेन्स)

भिंगाच्या पृष्ठभागावरून होणारे परावर्तन घटवण्यासाठी चढवलेला अतिशय पातळ, पारदर्शक थर. छायाचित्रकार त्याला नुसते ‘कोटिंग’ म्हणतात.

साध्या काचेवर (अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे माप, सुमारे १.५) सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. झूम लेन्समध्ये हवेला लागून असलेले २० पृष्ठभाग सहज असतात. लेप नसेल तर अशा लेन्समधून निम्माही प्रकाश पार होत नाही. ही तूट एक्स्पोजर वाढवून भरून काढता येते. खरे नुकसान करतो तो मागे फिरलेला प्रकाश. दुसऱ्या पृष्ठभागावर आपटून तो पुन्हा सेन्सरकडे वळतो आणि सावल्यांवर पांढुरकी झाक, म्हणजे फ्लेअर, पसरवतो किंवा दिव्याची आगंतुक प्रतिमा, म्हणजे घोस्ट, उमटवतो. घोस्टला दोन परावर्तने लागतात. म्हणून प्रत्येक पृष्ठभागाचे परावर्तन ४ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणले, की घोस्ट ६४ पट मंद होतो.

लेपाची जाडी थरातील प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवतात. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या तरंगांत मग अर्ध्या तरंगाचा फरक पडतो व ते एकमेकांना मारतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा (अपवर्तनांक १.३८) थर हिरव्या प्रकाशासाठी सुमारे १०० नॅनोमीटर लागतो. त्याने साध्या काचेचे परावर्तन १.३ टक्क्यांपर्यंत उतरते. लाल-निळा प्रकाश थोडा उरतोच, म्हणून एकथरी लेप जांभळट दिसतो.

जुनी, डागाळलेली भिंगे नव्यापेक्षा जास्त प्रकाश सोडतात, हे ब्रिटिश भिंग-रचनाकार डेनिस टेलर यांना १९व्या शतकाच्या अखेरीस आढळले होते. निर्वात कक्षात थर चढवण्याचे पेटंट झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांच्या कामातून १९३५ मध्ये आले. बहुथरी लेप छायाचित्रणाच्या लेन्समध्ये १९७०च्या दशकात रुळले.

लेन्स ट्यूबलाइटखाली तिरपी धरावी. आत नळीच्या अनेक प्रतिमा दिसतात: हिरव्या, जांभळ्या, पिवळसर. एखादी पांढरीशुभ्र आणि ठळक असेल, तर तो पृष्ठभाग बहुधा बिनलेपाचा. लेन्सपुढे लावायच्या स्वस्त फिल्टरची हीच अडचण असते. त्याच्या सपाट काचेमुळे रात्रीच्या फोटोत दिव्यांचे घोस्ट हमखास येतात.

बोटाचा तेलकट ठसा थराचे गणितच बिघडवतो, त्यामुळे तिथे रंग बदललेला दिसतो. पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवावी, कारण धुळीचे कण घासले जाऊन ओरखडे पडतात. मग द्रावण कापडावर घेऊन मध्यातून कडेकडे हलक्या हाताने फिरवावे. ते थेट काचेवर ओतले, तर कडेने आत शिरते. बुरशी जास्त दिवस राहिली, तर थर कोरते. साफ केल्यावरही डाग राहतो. ओरखडे टूथपेस्टने कधीही घासू नयेत. थरच निघून जातो.