मारुती 800 दुपारीच का मान टाकते?

मार्च संपत आला की व्हॉट्सॅपवर तो संदेश न चुकता येतो : उन्हाळ्यात टाकी फुल्ल करू नका, स्फोट होतो. खाली इंडियन ऑइलचं नाव. हे खोटं असल्याचा खुलासा इंडियन ऑइलने केव्हाच केला आहे, पण खुलासा कोण फॉरवर्ड करतो? ठिणगीशिवाय पेट्रोल पेटायला साधारण अडीचशे अंशांच्या पुढचं तापमान लागतं. आपलं सोलापूर कितीही भाजलं तरी तिथवर जात नाही. उलट आजच्या गाड्यांत विजेवरचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. म्हणजे उन्हाळ्यात टाकी भरलेलीच बरी.

उन्हाचा खरा जाच होतो तो जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं भांडं असलेल्या) गाड्यांना. सकाळी मोहोळला जाऊन येणारी मारुती 800 दुपारी दोनला सात रस्त्याच्या सिग्नलवर बंद पडते. मग जमलेला प्रत्येक जण सांगतो, "पंप गेलाय, पेट्रोल उचलत नाही. बदलून टाका." पंप बदलणं अवघड नाही, दोन बोल्टचं काम आहे. पण बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

हा पंप बॉनेटखाली, थेट इंजिनाला चिकटलेला असतो. आत रबरी कापडाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा, म्हणजे कॅम, एका छोट्या दांड्याने हा पडदा एका बाजूला ओढतो, पोकळी तयार होते आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल पाइपातून पुढे येतं. गंमत पुढे आहे. पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलण्याचं काम कॅम करतच नाही, ते करते एक स्प्रिंग. त्यामुळे दाब इंजिनाच्या वेगावर ठरत नाही, स्प्रिंगवर ठरतो : जेमतेम 0.2 ते 0.3 बार (बार हे दाबाचं एकक, 1 बार म्हणजे 100 किलोपास्कल). कार्ब्युरेटर भरला, त्यातल्या तरंगत्या फ्लोटच्या सुईने वाट अडवली, की स्प्रिंग दबलेलीच राहते आणि दांडा नुसताच हलत बसतो. पेट्रोल खर्च झालं की पडदा तेवढाच सरकतो. ना सेन्सर, ना वायर, तरी मागणीइतकाच पुरवठा. ज्याने हे योजलं त्याला हात जोडावेत.

पण या पंपाची एक दुखरी नस आहे. तो मागून ओढतो, आणि ओढणं म्हणजे पाइपातला दाब कमी करणं. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. कुकरमध्ये घडतं त्याच्या बरोबर उलट. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण, त्यातले हलके घटक 35-40 अंशांपासूनच उडू लागतात. 38 अंशांना पेट्रोलच्या वाफेचा दाब 60 किलोपास्कलच्या आसपास असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, म्हणून इथला हवेचा दाब साधारण 96. पेट्रोल 50-55 अंशांपर्यंत तापलं की वाफेचा दाब हवेच्या दाबाला गाठतो. त्यात पंपाने ओढून आणखी 20 किलोपास्कल कमी केले, तर 45 अंशांच्या सुमारासच पाइपात बुडबुडे सुटतात. सिग्नलवर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली एवढं तापमान सहज असतं. द्रवाची वाफ झाली की ती दोनशे पटींहून जास्त जागा व्यापते. मग पडदा हलतो, पण आतली वाफ नुसतीच दबते आणि फुगते. पंपातले पेट्रोल आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात.

जुने ड्रायव्हर पंपावर ओला टॉवेल टाकायचे, ते शंभर टक्के शास्त्रीय होतं. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत ते झपाट्याने उडतं. मुंबईच्या दमट हवेत तोच टॉवेल तेवढा कामाचा नाही. बंपरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने बॉनेटखालचं तापमान अर्ध्या अंशानेही उतरत नाही. पेट्रोलच्या पाइपावर बसवायचं "मायलेज वाढवणारं" चुंबक विकतात, त्याची किंमतही लिंबू-मिरचीएवढीच धरा. पेट्रोलवर चुंबकाचा जो परिणाम होतो तो नगण्य आहे.

आता पंप खरंच गेलाय का, ते बघू. टॉवेल टाकून किंवा अर्धा तास थांबून गाडी सुरू झाली, तर बहुधा वाफच. सकाळच्या गारव्यातही पेट्रोल येत नसेल, किंवा पंपाच्या बुडाच्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकत असेल, तर बहुधा पडदा फाटलाय. मग बदला, पण इंजिन थंड असताना आणि उघड्यावर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, जमिनीलगत साचून लांबवर पसरते. शेजारच्या खोलीतला गॅस आणि देवघरातला दिवा आधी विझवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टाकीकडून येणाऱ्या पाइपात बोल्ट खुपसा, म्हणजे पेट्रोल गळणार नाही.

पंप आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड ठोकळा असतो, तो फेकू नका. तो इंजिनाची उष्णता अडवतो, शिवाय दांड्याची चाल त्याच्या जाडीवरच ठरते. तो विसरलात तर दांडा जास्त दाबला जाऊन मोडू शकतो. पॅकिंगवर पॅकिंग चढवलंत तर चाल कमी पडून नवा पंपही उपाशी राहील.

आणि इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी काढून वास घ्या. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल इंजिनात उतरलेलं असेल, तर ऑइल पातळ झालेलं असतं आणि त्याची पातळी चक्क वर गेलेली दिसते. तसं असेल तर पंपाबरोबर ऑइलही बदला, नाहीतर बेअरिंगची वाट लागेल.