गॉथिक रॉक आणि गॉथिक मेटल: पोशाख एक, घराणी दोन

‘गॉथ’ संगीतातल्या महत्त्वाच्या अल्बमांची कुठलीही यादी घ्या. बाउहाउस या बँडच्या शेजारी टाइप ओ निगेटिव्ह, द क्युअरच्या खाली पॅराडाइज लॉस्ट, आणि कुणीतरी हौसेने इव्हानेसेन्सचा ‘फॉलन’ही घुसडलेला. वेशभूषेवरून पाहिले तर त्यात वावगे काही नाही: काळे कपडे, जाड काजळ, कबरस्तानातले फोटो आणि चेहऱ्यावर कायमची साडेसाती. पण ऐकायला बसलात तर ही दोन निरनिराळी घराणी आहेत. एक पंकच्या (सत्तरच्या दशकातल्या कर्कश, बंडखोर रॉकच्या) पोटी जन्मले, दुसरे मेटलच्या. दुसऱ्याने पहिल्याकडून भरपूर घेतले. पहिल्याने, निदान जडणघडणीच्या वर्षांत, दुसऱ्याकडून काहीच घेतले नाही, कारण तेव्हा ते जन्मालाच आले नव्हते.

आपल्याकडे गोंधळ जास्त होतो त्याला कारण आहे. मुंबई-पुण्यात रॉक ऐकणारे बरेचसे लोक आयर्न मेडन, मेटालिका अशा दारातून आत आलेले. त्यामुळे ‘गॉथिक’ म्हटले की आधी जड गिटारच कानात वाजते, आणि मग द क्युअर लावले की प्रश्न येतो: यात अंधार आहे, पण वजन कुठे आहे?

वजन असते, फक्त ते दुसऱ्या वाद्यावर असते. गॉथिक रॉकमध्ये गाणे बेस गिटार उचलते. मुख्य चाल पुष्कळदा बेसच वाजवते. गिटार वरून कोरस किंवा फ्लँजर या आवाज बदलणाऱ्या पेडलमधून काढलेले सुटे, थरथरते सूर टाकत जाते आणि मधली जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. ठेका सरळ, नाचता येईल असा. गायक खर्जात, कोरडेपणाने गातो. गॉथिक मेटलमध्ये नेमकी ती रिकामी जागा भरून काढलेली असते. तारा खालच्या सुरात लावून आणि भरपूर डिस्टॉर्शन (मुद्दाम फाटलेला आवाज) लावून वाजवलेले रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे, सगळीकडे पसरतात, बेस त्यांच्याखाली दबते, लय विलंबित होते, कीबोर्डवर चर्चमधल्या ऑर्गनसारखे किंवा व्हायोलिनच्या ताफ्यासारखे सूर येतात. आवाज दोन टोकांचे: एकीकडे गुरगुराट, दुसरीकडे बाईचा उंच स्वच्छ स्वर.

पहिल्या घराण्याची सुरुवात अल्बमने नाही, एका लांबलचक सिंगलने झाली. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टन गावच्या बाउहाउसने १९७९ च्या जानेवारीत ‘बेला लुगोसीज डेड’ ध्वनिमुद्रित केले. ऑगस्टमध्ये ते बाजारात आले. लांबी नऊ मिनिटांहून जास्त. बेला लुगोसी म्हणजे १९३१ च्या चित्रपटात ड्रॅक्युला झालेला नट, त्यामुळे विषयाची दिशा स्पष्टच आहे. गंमत आहे ती घडणीत. ड्रमचा खटखटाट प्रतिध्वनीत विरत जातो, बेस तीन-चार सुरांवर उतरत राहते आणि गायक पीटर मर्फी बराच वेळ तोंडच उघडत नाही. हे तंत्र जमैकाच्या डब रेगेचे, म्हणजे रेगे गाण्यातून बेस आणि ड्रम पुढे काढून त्यांवर प्रतिध्वनी चढवण्याच्या पद्धतीचे. व्हॅम्पायरांच्या संगीताच्या मुळाशी किंग्स्टनचे स्टुडिओ आहेत, हे काळ्या कपड्यांतल्या अनेकांना आजही पचत नाही. पुढच्या वर्षी आलेल्या ‘इन द फ्लॅट फील्ड’ या पहिल्या अल्बममध्ये हे गाणे नव्हतेच. तो अल्बम अधिक कर्कश, अधिक पंक आहे. मला तो सलग ऐकायला जड जातो, पण पुढच्यांनी त्यातून काय उचलले ते स्पष्ट ऐकू येते.

त्याच १९८० सालचा जॉय डिव्हिजनचा ‘क्लोजर’ हा खरे तर गॉथिक रॉक नाही. तो पोस्ट-पंक, म्हणजे पंकमधून निघालेला अधिक प्रयोगशील प्रकार. तरी त्याला टाळून पुढे जाता येत नाही. निर्माता मार्टिन हॅनेटने प्रत्येक वाद्य वेगवेगळ्या खोलीत वाजत असल्यासारखे दूर दूर ठेवले, आणि पीटर हुकची बेस वरच्या पट्टीत गायल्यासारखी वाजते. गायक इयन कर्टिसने १८ मे १९८० रोजी आत्महत्या केली. अल्बम जुलैमध्ये निघाला. मुखपृष्ठावर इटलीतल्या जेनोआच्या स्टाल्येनो कबरस्तानातल्या एका थडग्याचा फोटो आहे. तो कर्टिसच्या मृत्यूआधीच निवडलेला होता, पण नंतर तो त्या मृत्यूशिवाय पाहणे कुणालाच जमले नाही. गॉथ अल्बमांवर थडगी दिसण्याच्या प्रथेत या एका फोटोचा वाटा मोठा आहे.

गिटारवादकांना विचाराल तर ते सुझी अँड द बॅनशीजच्या ‘जूजू’चे (१९८१) नाव घेतील. जॉन मॅगॉकची गिटार तिथे रिफ वाजवत नाही. ती सतत फिरत, चकाकत राहते. बजीच्या ड्रममध्ये झांजांपेक्षा टॉम या घुमणाऱ्या ड्रमांचा घुमारा जास्त. ‘स्पेलबाउंड’ ऐकताना पायांना स्वस्थ बसवत नाही, आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो: गॉथिक रॉक हे क्लबात नाचायचे संगीत आहे. लंडनच्या सोहो भागात १९८२ साली सुरू झालेला बॅटकेव्ह हा नाचायचाच क्लब होता. गॉथिक मेटलच्या मैफलीत लोक मान हलवतात. दोन्ही गर्दींचे शरीरच वेगळे हलते.

१९८२ चा द क्युअरचा ‘पोर्नोग्राफी’ मात्र नाचाला सोयीचा नाही. ज्यांना ‘गॉथ रॉकमध्ये वजन कुठे’ असे वाटते त्यांनी हाच लावावा. ड्रम एकाच ओझ्याखाली चालत राहतात, गिटारी एकमेकींत विरघळतात, रॉबर्ट स्मिथचा आवाज तळातून येतो. एवढा निराश अल्बम ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच्या दौऱ्यात बँडमध्ये हाणामारी होऊन बेसवादक सायमन गॅलप बाहेर पडला, आणि स्मिथने पुढची एक-दोन वर्षे हलक्याफुलक्या पॉप गाण्यांत आणि बॅनशीजमध्ये गिटार वाजवण्यात घालवली. १९८९ च्या ‘डिसइंटिग्रेशन’मध्ये तो पुन्हा अंधाराकडे आला, पण तोवर त्याच्याकडे स्टेडियम भरतील इतक्या चाली होत्या.

आता उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सकडे जाऊ, कारण दोन घराण्यांमधला पूल तिथेच आहे. द सिस्टर्स ऑफ मर्सी १९८० मध्ये लीड्सला सुरू झाले. त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. ड्रम मशीन होते आणि त्याला ‘डॉक्टर अ‍ॅव्हलांच’ असे नाव देऊन सदस्याचा मान दिलेला होता. यंत्राचा न थकणारा ठेका, दोन गिटारींची गुंफण आणि अँड्र्यू एल्ड्रिचचा मंद्र सप्तकातला आवाज मिळून १९८५ चा ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’ तयार झाला. तो आला आणि त्याच वर्षी बँड फुटला. वेन हसी आणि क्रेग अ‍ॅडम्स यांनी द मिशन काढला. एल्ड्रिच १९८७ मध्ये ‘फ्लडलँड’ घेऊन परतला, त्यातल्या ‘दिस कोरोझन’साठी मीट लोफची गाणी लिहिणारा जिम स्टाइनमन निर्माता म्हणून आणला आणि मागे चाळीस जणांचा गायनवृंद उभा केला. गॉथिक रॉक इथे पहिल्यांदा भव्य झाले. पुढे मेटलवाल्यांना जे हवे होते ते हेच भव्यपण.

इथे एक विसंगती नोंदवायला हवी. एल्ड्रिच वर्षानुवर्षे सांगत आला आहे की आम्ही गॉथ नाही. रॉबर्ट स्मिथचेही तेच म्हणणे. ज्यांच्यामुळे प्रकार उभा राहिला ते सगळे पाटी नाकारत राहिले, आणि पाटी अभिमानाने दारावर लावली ती मेटलच्या पोरांनी.

लीड्सपासून साधारण २५ किलोमीटरवर हॅलिफॅक्स आहे. तिथे १९८८ मध्ये पॅराडाइज लॉस्ट सुरू झाला. पहिला अल्बम ‘लॉस्ट पॅराडाइज’ (१९९०) हा संथ, घाणेरडा (कौतुकाने म्हणतोय) डेथ मेटल: ब्लॅक सबाथ या जुन्या मेटल बँडची विलंबित लय आणि त्यावर निक होम्सचा गुरगुराट. १९९१ मध्ये पीसव्हिल या लेबलवर त्यांचा दुसरा अल्बम आला. नाव सरळ ‘गॉथिक’. गुरगुराट तोच, पण सेरा मॅरियन या गायिकेचा स्वर त्याच्या शेजारी आला, मागे वाद्यवृंदाचे सूर आले, आणि ग्रेगर मॅकिन्टॉशची गिटार रिफ सोडून वर एकटीच रडल्यासारखी चाल वाजवू लागली. त्या गिटारवादनात सिस्टर्स ऑफ मर्सी ऐकू येते; त्या वयात ते ऐकत होतो हे बँडनेही लपवलेले नाही. माझ्या मते या अल्बममधली सगळी गाणी सारखी चांगली नाहीत, ध्वनिमुद्रण चिखलासारखे आहे. तरी एका प्रकाराचे नाव ज्यावरून पडले असा अल्बम म्हणून त्याच्या जवळपास दुसरा कुठलाही येत नाही.

त्याच पीसव्हिलवर ब्रॅडफर्डचा माय डाइंग ब्राइड होता. त्यांच्या ‘टर्न लूज द स्वॉन्स’मध्ये (१९९३) व्हायोलिन सजावटीला नाही, मुख्य वाद्य म्हणून आहे. लीड्स, हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड अशा पश्चिम यॉर्कशरच्या एवढ्याशा पट्ट्यात दोन्ही घराण्यांची नावे निघावीत हा योगायोग नव्हे. गिरण्या बंद पडलेली ती गावे, ते पावसाळी आभाळ आणि रेकॉर्डच्या दुकानांत शेजारी शेजारी मांडलेल्या दोन्ही प्रकारच्या प्लेटा, असा तो परिसर होता.

अटलांटिकपलीकडे ब्रुकलिनमध्ये पीटर स्टील वेगळ्याच वाटेने तिथे पोहोचला. तो आधी थ्रॅश, म्हणजे वेगवान मेटल, वाजवणारा माणूस. त्याच्या टाइप ओ निगेटिव्हचा ‘ब्लडी किसेस’ (१९९३) अमेरिकेत दहा लाखांच्या पुढे खपला. त्यातले ‘ब्लॅक नंबर वन’ हे गाणे केस काळे रंगवणाऱ्या, आरशावर भाळलेल्या गॉथ मुलीची उघड टिंगल आहे, आणि तेच गाणे गॉथ क्लबांत डोक्यावर घेतले गेले. स्टीलचा आवाज एल्ड्रिचहूनही खाली जातो, म्हणून नवखा श्रोता हमखास फसतो: आवाज गॉथ रॉकचा, गिटारी सबाथच्या. अशा वेळी गळ्याकडे लक्ष देऊ नये, गिटारीकडे द्यावे. गिटार काढून टाकली तर ‘ब्लडी किसेस’ कोसळतो. ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’मधून ती काढली तरी बेस आणि डॉक्टर अ‍ॅव्हलांच गाणे चालू ठेवतील.

युरोपात पुढे याची लाट आली. नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीने १९९५ च्या पहिल्या अल्बमात लिव्ह क्रिस्टीनचा कोवळा स्वर आणि रेमंड रोहोन्यीचा गुरगुराट आमनेसामने ठेवला. त्यावरून इतक्या बँडनी गिरवले की काही वर्षांत तो साचा झाला. स्वीडनचा टियामॅट, पोर्तुगालचा मूनस्पेल, इटलीचा लाकुना कॉइल ही नावे याच काळातली.

सीमारेषा पुसट होते तीही इथेच. थिएटर ऑफ ट्रॅजेडीच्या ‘एजिस’मध्ये (१९९८) गुरगुराट जवळजवळ संपतो आणि सगळे सिस्टर्सच्या बाजूला कलते. पॅराडाइज लॉस्ट १९९७ च्या ‘वन सेकंड’मध्ये तिकडेच सरकला, आणि १९९९ च्या ‘होस्ट’मध्ये गिटारी इतक्या मागे गेल्या की जुने चाहते चिडले. उलट दिशेने फील्ड्स ऑफ द नेफिलिम: १९८८ च्या ‘द नेफिलिम’मध्ये गायक कार्ल मॅकॉयचा आवाज इतका खरखरीत की मेटलवालेही त्याला आपला मानतात. तरी बेस आणि मोकळी जागा ऐका. तो बँड गॉथिक रॉकचाच.

आणि ‘फॉलन’? इव्हानेसेन्स अमेरिकेतल्या आर्कान्सॉचा, अल्बम २००३ चा. त्याच्या गिटारी नव्वदच्या दशकाअखेरच्या अमेरिकन न्यू मेटलच्या (हिप-हॉपच्या ठेक्यांशी मिसळलेल्या मेटलच्या) आहेत, पियानो आणि चाली पॉपच्या. पोशाख दोन्ही घराण्यांचा, गाणे कुठल्याच नाही. अल्बम वाईट आहे असे मी म्हणत नाही, या दोन याद्यांत त्याचे काम नाही एवढेच.

कानाने खात्री करायची असेल तर एकच गाणे दोनदा ऐकावे. ‘वॉक अवे’ हे सिस्टर्स ऑफ मर्सीचे १९८४ चे सिंगल, पुढे ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’मध्ये आले. नव्वदच्या दशकात पॅराडाइज लॉस्टने तेच ध्वनिमुद्रित केले, चालीला फारसा धक्का न लावता. दोन्हींत बेसवर कान ठेवा आणि ती किती वेळ स्पष्ट ऐकू येते ते पाहा.