ट्यूनिंगच्या आदल्या रात्री फिल्टर धुऊन आणू नका

आमच्याकडे रिमॅपला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून ट्यूनिंग करायला, गाडी आणणारे लोक गाडीवर जीव लावणारे असतात. तारीख मिळाली की आदल्या दिवशी गाडी धुतात, टायरची हवा बघतात, टाकी भरतात. मग रात्री निवांत बसून इंजिनाची हवा गाळणारा, धुऊन-तेल लावून पुन्हा वापरायचा कॉटनचा फिल्टर काढतात, धुतात, लालभडक होईपर्यंत त्यावर तेल मारतात आणि परत बसवतात. सकाळी गाडी डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या रोलरवर) चढते. पहिल्या दोन रनचे लॉग, म्हणजे सेन्सरच्या नोंदी, बघितल्या की आम्हाला कळतं, आज ट्यूनिंग होणार नाही.

तोंडी सांगून झालं, फोनवर सांगून झालं, तरी महिन्याला दोन-तीन गाड्या अशा येतातच. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याहून पहाटे निघून आलेल्या एका ग्राहकाची गाडी आम्ही दुपारी तशीच परत दिली. त्यांना राग आला, आणि तो येणं साहजिक होतं. आम्ही काम का थांबवलं ते त्या गडबडीत नीट समजावता आलं नाही, म्हणून आता लिहून देतो.

तेल जातं कुठे

फिल्टरच्या पुढे, नळीतच, हवा मोजणारा सेन्सर असतो. आपले मेकॅनिक त्याला एअर फ्लो मीटर किंवा मॅफ म्हणतात. त्याच्या आत नखापेक्षा लहान पातळ पट्टी असते आणि ती येणाऱ्या हवेपेक्षा कायम ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते. हवा वाहिली की पट्टी गार होते. तिला पुन्हा तेवढीच गरम करायला किती करंट लागला, त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवेचं वजन काढतो.

फिल्टरवर जादा तेल असेल तर इंजिनाच्या ओढीने त्याचे बारीक थेंब सुटतात आणि त्या पट्टीवर बसतात. त्यावर धूळ चिकटते. पट्टीला जणू गोधडी पांघरली जाते. मग हवा तेवढीच आली तरी पट्टी कमी गार होते, आणि ईसीयूला वाटतं हवाच कमी आली.

पेट्रोल गाडीत याचा परिणाम असा की ईसीयू इंधन कमी सोडतो. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. नेहमीच्या चालीत ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो, फ्युएल ट्रिम (ईसीयूने केलेली इंधनाची दुरुस्ती) वर चढत जातो आणि शेवटी पी ०१७१ किंवा पी ०१०१ कोड घेऊन चेक लाइट लागते. पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर बऱ्याच गाड्यांत ही सावरासावर होत नाही, आणि नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटून इंजिनाला ठोके बसण्याचा) धोका नेमका तिथेच असतो. डिझेलमध्ये धूर होऊ नये म्हणून हवेच्या हिशेबानेच इंधनाला मर्यादा घातलेली असते. हवा कमी दिसली की इंधन कापलं जातं आणि पिकअप जातो. स्विफ्ट डीडीआयएसच्या १.३ लिटर इंजिनावर हे आम्ही इतक्या वेळा बघितलं आहे की लॉगची पहिली ओळ पुरते.

आता मुख्य मुद्दा. सेन्सर चुकीचं सांगत असताना आम्ही मॅप, म्हणजे ईसीयूमधला आकड्यांचा तक्ता, बसवू शकतो. आमच्या वेगळ्या मीटरवर मिश्रण दिसत असतं, त्याप्रमाणे आकडे ओढूनताणून जुळवता येतात, आणि तुम्ही संध्याकाळी खूश होऊन घरी जाल. पण तो मॅप तेलकट सेन्सरसाठी केलेला असेल. महिन्याभराने कोणी तो सेन्सर साफ केला किंवा बदलला, की तोच मॅप चुकीचा. मग मायलेज पडतं, काळा धूर येतो आणि तुम्ही पुन्हा आमच्या दारात. म्हणून आम्ही तारीख पुढे ढकलतो. त्या दिवशी आमचा डायनो रिकामा राहतो, तरीही.

पोलोच्या १.२ किंवा १.० टीएसआयसारख्या गाड्यांत हवा मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) दाबावरून मोजतात. तिथे मॅफ नाही, त्यामुळे हा त्रास तसा होत नाही. आपल्या गाडीत काय आहे हे माहीत नसेल तर फोन करून विचारा.

ट्रॅक्टरची सवय

जादा तेल मारणारे निष्काळजी नसतात, हे आमचं ठाम मत आहे. आपल्या भागात घरोघरी ट्रॅक्टर आहे. जुन्या ट्रॅक्टरला आणि जीपला ऑइल बाथचा एअर क्लीनर असायचा: खाली वाटीत खुणेपर्यंत तेल, हवा त्या तेलावर आपटून वळायची आणि धूळ तेलात राहायची. तिथे तेल कमी पडलं की इंजिनाचं नुकसान. वडिलांनी, आजोबांनी तेच शिकवलेलं. ती शिकवण त्या यंत्रासाठी बरोबरच होती. पण त्या नळीत मॅफ नव्हता.

कॉटनच्या फिल्टरमध्ये तेलाचं काम फक्त धाग्याला चिकटपणा देण्याचं आहे. अगदी कोरडा कॉटन धूळ सोडतो, म्हणून तेल हवंच. आपल्याकडे ऊसतोडणीचा हंगाम, त्यात सातारा-कागल रस्त्याचं सहापदरीकरण, म्हणजे धूळ कमी नाही. धुळीतली सिलिका रिंगा आणि बोअर घासते. टर्बोचं (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) लहान चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतं, त्याच्या पात्यांच्या कडा ती खाऊन टाकते. तेव्हा तेल मारू नका असं आम्ही म्हणत नाही. मोजून मारा.

आमची पद्धत अशी. आधी बघा, धुवायची खरंच गरज आहे का. धुळीच्या थरातूनही बाहेरची जाळी सगळीकडे दिसत असेल तर फिल्टर अजून चालेल. धुवायचाच असेल तर त्याच्याच क्लीनरने, साध्या थंड पाण्याने, आतून बाहेर, नळाची धार बारीक ठेवून. डिझेल किंवा पेट्रोल नको. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, तिने धागे फाटतात आणि ते भोक डोळ्याला दिसत नाही. मग रात्रभर सावलीत वाळवा. प्रत्येक घडीच्या माथ्यावरून तेलाची एकच बारीक रेघ ओढा आणि अर्धा तास थांबा. तेल आपोआप पसरतं. जिथे पांढरट राहिलं तिथेच पुन्हा एक थेंब. त्यानंतर टिश्यू पेपर आतल्या बाजूला दाबा. पुसट डाग आला तर ठीक, कागद भिजला तर तेल जास्त झालं. फिल्टर वर्तमानपत्रावर उभा ठेवून आणखी एक रात्र निथळू द्या. गॅरेजमध्ये उरलेलं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल याला चालत नाही. फिल्टरचं तेल चिकट असतं, जागेवर राहतं. इंजिन ऑइल वाहून पुढे जातं.

हे सगळं ट्यूनिंगच्या किमान १० दिवस आधी करा आणि मधे गाडी रोज चालवा. वेळ नसेल तर धुळकट फिल्टर तसाच घेऊन या. धुळकट फिल्टर आम्हाला चालतो, ओला चालत नाही.

उघडा कोन फिल्टर

दुसरा प्रश्न रोजचा, शंकूच्या आकाराच्या उघड्या फिल्टरचा: "एअर बॉक्स काढून कोन लावला, आवाज मस्त आला, मग पॉवर का नाही?"

कारण बोनेटखालची हवा गरम असते. कंपनीचा बॉक्स ग्रिलमागून किंवा हेडलाइटजवळून बाहेरची हवा घेतो. उघडा कोन रेडिएटर आणि एक्झॉस्टच्या शेजारची हवा ओढतो. बाहेर ३५ अंश आणि बोनेटखाली ६५ अंश धरा, ट्रॅफिकमध्ये तेवढं सहज होतं. तेवढ्याच आकारमानात हवा सुमारे ९ टक्के कमी भरते. टर्बो गाडीत इंटरकूलर (हवा गार करणारी जाळी) थोडं भरून काढतो, साध्या पेट्रोल गाडीत ते सरळ नुकसान.

उलट, फिल्टरची अडवणूक किती असते ते आम्ही ग्राहकांसमोर मोजतो. फिल्टरच्या पुढे पाण्याची यू नळी जोडतो आणि पूर्ण थ्रॉटलवर पातळी किती सरकते ते बघतो. पाणी २० सेंटीमीटर सरकलं तर फिल्टर आणि बॉक्स मिळून हवेच्या दाबातले साधारण २ टक्के खातात. म्हणजे ते २ टक्के वाचवायला गरम हवेचे ९ टक्के अंगावर घेतले. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० लिटरच्या आसपास हवा घेतं, तेवढी हवा चांगला कागदी फिल्टर आरामात देतो. साध्या रिमॅपसाठी नवा कंपनीचा कागदी फिल्टर, मूळ बॉक्समध्ये, एवढंच आम्ही सुचवतो. आमच्याकडे कॉटनचेही फिल्टर विकायला आहेत आणि त्यात आम्हाला जास्त सुटतं, तरी सल्ला हाच.

मोठा टर्बो किंवा ट्रॅकची गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आम्ही बंद पेटी, उष्णतेची आडभिंत आणि पुढून हवेची नळी असा सेट बनवतो. पाइप कोल्हापूरच्या उद्यमनगरातून वेल्ड करून घेतो, काम सुबक होतं. एकच विनंती, स्वतः पाइप करून आणू नका. मॅफ त्याच्या मूळ नळीच्या व्यासासाठी जुळवलेला असतो. तोच सेन्सर ७० मिलिमीटरच्या जागी ७६ च्या पाइपमध्ये बसवला की क्षेत्रफळ वाढतं, हवेचा वेग कमी होतो आणि आकडा सुमारे १५ टक्के कमी येतो. सेन्सरच्या तोंडाशीच वळण असेल तर तो स्थिरही राहत नाही. पाइप बदलायचा असेल तर रिमॅपच्या आधी, आमच्याशी बोलून. रिमॅप झाल्यावर बदलला तर ट्यूनिंग पुन्हा करावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे लागतात.

बंपरच्या खाली उतरवलेली नळी पावसाळ्यात नको म्हणजे नको. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितला आहे. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

येताना

मूळ एअर बॉक्स, त्याची नळी आणि रबरी बूट काढून ठेवले असतील तर सोबत आणा, डिकीत टाकून आणले तरी चालतील. क्लिप तुटल्या असतील, झाकण नीट बसत नसेल तर आधी सांगा. सैल झाकणातून धूळ आत जाते आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी उपयोग होत नाही. नेहमीच्या मॉडेलच्या क्लिपा आणि ओ-रिंगा आमच्याकडे असतात. फिल्टर शेवटचा कधी धुतला ते खरं सांगा. ओला निघाला तर सेन्सर आम्ही त्याच्याच स्प्रेने साफ करून देतो, त्याचे पैसे घेत नाही, आणि पुढची तारीख त्याच आठवड्यात देण्याचा प्रयत्न करतो.