कार्बन फायबर जळल्यावर उरणारी धूळ

नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या औद्योगिक परिसरात बोइंग ७८७ साठी कार्बन फायबरचे फ्लोअर बीम, म्हणजे विमानाच्या फरशीखालचे आधार, बनले आहेत आणि विमान दुरुस्तीचा तळही तिथेच आहे. या विमानाच्या वजनातला जवळपास निम्मा वाटा कॉम्पोझिटचा. म्हणून हे साहित्य जळल्यावर हवेत काय उडतं, ते इथल्या लोकांना ठाऊक असायलाच हवं.

कॉम्पोझिटमध्ये कार्बनचे धागे इपॉक्सी रेझिनने, म्हणजे कडक होणाऱ्या चिकट प्लॅस्टिकने, बांधलेले असतात. रेझिन साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला तुटू लागतं. त्यातून कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि हार्डनरमधल्या (रेझिन कडक करणाऱ्या द्रव्यातल्या) नायट्रोजनमुळे हायड्रोजन सायनाइडही निघतो. हा धूर निदान दिसतो, माणूस मागे सरतो. मोकळे झालेले धागे मात्र डोळ्यांना दिसत नाहीत.

मूळ धागा ५ ते ७ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड असतो, तो सहसा फुप्फुसात खोलवर जात नाही. पण तापमान ६०० अंशांपुढे गेलं आणि हवा भरपूर मिळाली, की धागाच जळू लागतो. त्यावर खड्डे पडतात, तो बारीक होतो, उभा चिरतो. ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि ५ मायक्रॉनपेक्षा लांब तुकडा वायुकोशांपर्यंत पोचू शकतो. तिथली मॅक्रोफेज ही सफाई करणारी पेशी त्याला गिळायला धावते. तुकडा तिच्याहून लांब असला तर अर्धा आत, अर्धा बाहेर राहतो आणि पेशी दाह वाढवणारी द्रव्यं सोडत राहते.

मजबुतीसाठी काही वेळा रेझिनमध्ये कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळतात, बहुधा वजनाच्या ०.१ टक्क्यापासून काही टक्क्यांपर्यंत. आगीत त्यांची जाळी पृष्ठभागावर थर धरते आणि ज्वाला मंदावते, हा खरा फायदा. पण जिथे ऑक्सिजन कमी पडतो तिथे त्या न जळता कोळशात राहतात, बहुतेक काजळीच्या कणांत अडकलेल्या. अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने कामाच्या जागी हवेतल्या नॅनोट्यूबसाठी ८ तासांच्या सरासरीने सुचवलेली मर्यादा घनमीटरला फक्त १ मायक्रोग्रॅम आहे. तरीही नुसत्या ‘नॅनो’ला घाबरून साध्या धाग्यांकडे दुर्लक्ष करणं चूक ठरेल.

आग विझली तरी श्वसनयंत्र काढू नका. धग पूर्ण उतरेपर्यंत पाण्याचा फवारा मारा, जोरदार धार नको. धारेने कोळसा फुटतो आणि धागे उडतात. मग अॅक्रिलिक फ्लोअर पॉलिश १ भाग, पाणी १० भाग असं मिश्रण फवारा. सुकल्यावर त्याचा पातळ पापुद्रा धूळ धरून ठेवतो. नुसतं पाणी मे महिन्याच्या उन्हात लगेच उडतं, म्हणून हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

झाडू आणि ब्लोअर बंद. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टेपने बंद करा. पी-१०० मास्क (अतिबारीक धूळ गाळणारा), बंद गॉगल आणि नायट्राइल हातमोज्यांवर चामड्याचे हातमोजे हवेत, कारण जळकी टोकं सुईसारखी टोचतात. धागे वीज वाहतात, जवळच्या पॅनेलमध्ये शिरले तर शॉर्टसर्किट होऊ शकतं. वारा ज्या बाजूला वाहतोय तिथल्या घरांचे डेझर्ट कूलर आधी बंद करायला लावा, ते बाहेरची हवाच आत ओढतात.